परबांच्या वाचनालयातले वाचक, बघे आणि ऐकणारे

ऑफिसात डबा खाताना मी सहज एक किस्सा सांगितला, तर बाजूच्या टेबलावरची म्हणाली, "नंदा, तू हे सगळं घरी बसून बनवतेस ना?" आता काय सांगणार! बनवायला डोकं लागतं. मला फक्त बसायला जागा मिळाली होती. जोगेश्वरी पूर्वेला, परबांच्या वाचनालयात, काउंटरच्या मागे. बी.ए. झाल्यावर दुसरी नोकरी मिळेपर्यंत म्हणून बसले आणि चांगली चार-पाच वर्षं बसले. किस्सा मुद्दाम शोधायला गेलं की मिळत नाही. रोज एकाच जागी बसून राहिलं की तो स्वतःच समोर येऊन विचारतो, "नवीन काय आलंय?"

परबकाका मूळचे मालवणकडचे. आधी गिरणीत होते. संपात गिरणीला टाळं लागलं, तेव्हा त्यांनी भावाच्या गाळ्यात वाचनालय काढलं. आधी कादंबऱ्या आणि मासिकं, मग व्हिडिओ आला तशा कॅसेटी. अर्ध्या भिंतीवर पुस्तकं, अर्ध्या भिंतीवर पिक्चर. मधे काका, बनियनवर शर्टाची दोनच बटणं लावून.

*

पहिला किस्सा खुनाचा.

आमच्याकडे एक रहस्यकादंबरी होती. बंगल्यात खून होतो, घरात सात माणसं, खुनी कोण ते शेवटी कळतं. एक दिवस एक बाई तावातावाने आल्या आणि पुस्तक काउंटरवर आपटलं. कुणीतरी पहिल्याच प्रकरणात पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, "खुनी डॉक्टर आहे."

मी खोडरबर शोधायला लागले. काका म्हणाले, "खोडू नको गो. खोडलंस तरी खड्डो दिसतलो."

मग त्यांनी पेन्सिल घेतली, कानामागे खाजवलं आणि खाली लिहिलं, "खोटं. खुनी वकील आहे."

पुस्तक बाहेर गेलं. परत आलं तेव्हा वकिलाच्या खाली तिसऱ्या अक्षरात होतं, "वकील त्या रात्री पुण्याला होता. नीट वाचा." त्याच्या खाली चौथ्या अक्षरात, "मोलकरणीकडे कुणाचं लक्ष कसं नाही?"

पावसाळा संपेपर्यंत त्या पुस्तकाचे सगळे समास भरले. माळी, धाकटी सून, शेजारचा कर्नल, सगळ्यांच्या बाजूने आणि विरुद्ध लिहिलेलं. एकाने तर बंगल्याचा नकाशा काढला होता! पुस्तकाला मागणी इतकी वाढली की नंबर लावून द्यावं लागायचं.

त्या पहिल्या बाई पुन्हा आल्या. त्यांनी ते परत नेलं आणि या वेळी शेवटपर्यंत वाचून आणलं. मी विचारलं, "मग? निघाला कोण?"

बाई म्हणाल्या, "लेखकाने डॉक्टरच दाखवलाय. पण मला विचाराल तर ते वकिलाचं जास्त पटतं!"

*

वाचनालयाच्या मागच्या चाळीत बायकांचं भजनी मंडळ होतं. त्याच्या प्रमुख राणेआजी. एकादशीला दुपारी सगळ्यांनी मिळून देवाचा पिक्चर बघायचा असं ठरलं. काकांनी व्हीसीआर आणि टीव्ही राणेआजींच्या खोलीत नेला, वायरी जोडल्या, कॅसेट घातली, बटण दाबलं आणि निघताना बजावलं, "मशिनला कोणी हात लावू नका. हेड खराब होतं."

आता झालं असं, की त्याच सकाळी कोणीतरी कॅसेटी परत करताना डब्यांची अदलाबदल केली होती. देवाच्या डब्यात एक इंग्रजी भुताचा पिक्चर होता.

इथे दुकानात आम्हाला याचा पत्ता नाही. चारच्या सुमाराला कांबळे आले. कांबळे टेलिफोन खात्यात, शांत माणूस, मिशीतल्या मिशीत बोलायचे. त्यांना भुताचे पिक्चर फार आवडायचे. त्यांनी कॅसेट काउंटरवर ठेवली.

"परब, मी भूत मागितलं होतं. तुम्ही देव दिलात."

काकांचा चेहरा पांढरा पडला. "अरे देवा! म्हणजे भूत राण्यांकडे!"

आम्ही दोघं पळत चाळीत गेलो. बघतो तर खोलीत वीस-पंचवीस बायका मांडी घालून शांत बसलेल्या. टीव्हीसमोर उदबत्ती लावलेली. पडद्यावर एक हिरवट प्राणी एका गोऱ्या बाईचा गळा धरून उभा होता, आणि पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी हात जोडले होते. मशिनला हात लावायचा नाही असं सांगितलेलं, म्हणून कोणीच लावला नव्हता.

तेवढ्यात पिक्चर संपला. काका दारातच उभे. राणेआजींनी केळ्याचा प्रसाद त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "राक्षस अगदी हुबेहूब हो! पण परबांनू, देवाचं काम फारच छोटं ठेवलंय."

*

आता तावडे. तावडे काकांच्याच गिरणीतले, काकांचे दोस्त. संपानंतर त्यांना काही जमलं नाही. सकाळी अंघोळ करून, भांग पाडून वाचनालयात यायचे आणि स्टुलावर बसायचे. आणि पिक्चर सांगायचे.

सांगायचे म्हणजे कसे? टायटलपासून! ढग, पाऊस, घोड्याच्या टापा, सगळं तोंडाने. हिरोच्या आईला ठसका लागला की ऐकणाऱ्यांचे घसे खवखवायचे. लोक पुस्तक बदलायला म्हणून यायचे आणि इंटरव्हलपर्यंत थांबायचे.

राणेआजींचा मुलगा सुरेश तावड्यांकडून एक नवा पिक्चर ऐकून इतका पेटला, की दोन मित्रांना घेऊन अंधेरीला थिएटरात गेला. संध्याकाळी तिघं तणतणत दुकानात.

"तावडे, ती बोगद्यातली मारामारी कुठाय? आम्ही शेवटपर्यंत बसलो. बोगदाच नाही! मी मॅनेजरला जाऊन विचारलं, सीन का गाळला? तो मलाच वेडा म्हणाला!"

तावड्यांनी शांतपणे विचारलं, "कुठल्या शोला गेलेलास?"

"मॅटिनीला."

"मग बरोबर. मॅटिनीला त्यांना घाई असते."

सुरेश विचार करत घरी गेला. काकांनी मात्र तावड्यांकडे जरा वेळ बघितलं. पुढच्या आठवड्यात ते तावड्यांना ओढतच थिएटरात घेऊन गेले. तावड्यांनी आम्हाला तीनदा सांगितलेलाच पिक्चर होता. इंटरव्हलला तावडे उठून बाहेर आले. मागून काका.

"काय झाला रे?"

"परब, चल जाऊ या. ह्यांना गोष्टच सांगता येत नाही."

तेव्हा उलगडा झाला. संपापासून तावड्यांनी थिएटरचं तोंड पाहिलं नव्हतं. रस्त्यावरची पोस्टरं बघायचे, फुटपाथवर मिळणारी गाण्यांची पुस्तकं चाळायचे आणि मधलं सगळं स्वतः भरायचे. काकांनी हे मला सांगितलं आणि वर म्हणाले, "कोणाक सांगू नको."

मी कोणाला सांगितलं नाही. पण एक दिवस तावड्यांची बायको आली. तिला मी पहिल्यांदाच बघत होते. बारीक आवाजात म्हणाली, "घरी तोंड उघडत नाहीत. दोन-दोन दिवस शब्द नाही. आणि लोक मला सांगतात, तुमचे मिस्टर काय बोलतात! खरं का हो?"

तावडे तेव्हा पुढच्या बाजूला, पाठ करून, रंगात आले होते. मी तिला कपाटामागे स्टूल दिलं. ती पदर तोंडाला लावून बसली. हिरो तुरुंगातून सुटला, बहीण सापडली, व्हिलन दरीत पडला. सगळे उठून गेले. तावडे चहा प्यायला बाहेर पडले. मग ती उठली, डोळे पुसले आणि मला विचारलं, "उद्या कुठला लागणार आहे?"

*

गोडबोलेकाकूंची एक सवय होती. कादंबरी घ्यायची, काउंटरवर उभ्या उभ्याच शेवटचं पान वाचायचं, आणि शेवट गोड असेल तरच घरी न्यायची. "मधे कितीही रडवा," त्या म्हणायच्या, "पण शेवटी सगळी माणसं जागेवर हवीत."

एकदा काकू शेवटचं पान न वाचताच पुस्तक मागायला लागल्या, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. गोडबोलेकाकांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात ठेवलं होतं. त्यांना वाचायला एखादी जाडजूड कादंबरी हवी होती. मी नाव बघून एक दिली. नाव प्रसन्न होतं.

संध्याकाळी परबकाका दुकानात आले. मी सांगितलं, अमुक अमुक दिली. ते उभेच राहिले. "नंदा! त्यातलो हिरो शेवटी ऑपरेशनच्या टेबलावर मरता!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुसरं पुस्तक पिशवीत घालून हॉस्पिटलात. वॉर्डबाहेरच्या बाकावर काकू बसल्या होत्या. मी अडखळत सांगायला लागले, तर त्यांनीच माझा हात दाबला. पर्स उघडून आतली कापलेली पानं दाखवली. "काल रिक्षातच शेवट वाचला गं. सवयच ना! घरी जाऊन यांच्या दाढीच्या ब्लेडनं कापला आणि मगच दिलं यांना. यांना काही कळलेलं नाही."

मी आत गेले. गोडबोलेकाका उशीला टेकून वाचत होते. कादंबरी निम्म्याच्या वर गेली होती. मी म्हटलं, "काका, हे दुसरं आणलंय. त्या पुस्तकाची शेवटची पानं जरा फाटलीत म्हणे."

काकांनी चष्म्यावरून दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "फाटलेली नाहीत, कापलीत. कॉलेजात असताना वाचलंय मी हे. शेवटी तो मरतो. पण हिला सांगू नका हं. बिचारीनं किती सरळ कापलंय बघा!"

"मग पुन्हा कशाला वाचताय? हे घ्या ना."

"नको, असू दे. मी पुस्तकात डोकं घातलेलं दिसलं, की तिला जरा डोळा लागतो."

ऑपरेशन नीट पार पडलं. महिन्या-दीड महिन्याने काकू पुस्तक परत द्यायला आल्या. शेवटची पानं डिंकाने पुन्हा जागेवर बसवलेली. एक पान मात्र उलटं चिकटलं होतं.

*

रविवारी सकाळी टीव्हीवर मालिका लागायची, त्या काळातली गोष्ट. रस्ते ओस. इस्त्रीवाल्याचे कोळसे विझायचे.

परबकाकांची पुतणी शैला दहिसरला राहायची. माझी मैत्रीण. तिला बघायला घाटकोपरची मंडळी यायची होती. त्यांनी नेमकी रविवार सकाळची वेळ दिली. शैलाचे वडील म्हणाले, टीव्ही बंद ठेवू. पण मंडळी आत आली, मुलाच्या आईचं लक्ष कोपऱ्यातल्या टीव्हीवर गेलं आणि त्या म्हणाल्या, "अगंबाई, सुरू झालं असेल ना?"

टीव्ही लावला. पोहे आले, पोहे गेले. शैला चहाचा ट्रे घेऊन आली तर मुलाचे वडील म्हणाले, "जरा बाजूला हो बाळ, दिसत नाही." ती बाजूला झाली. भाग संपला तो नेमका बाण सुटताना. मुलाची आई उठली. "छान वाटलं हो. बोलणं राहिलंच. पुढच्या रविवारी येतो."

पुढच्या रविवारी आली. पोहे, बाण, "बोलणं राहिलंच."

तिसऱ्या रविवारी येताना मुलाची मावशीपण आली! शैलाची आई कांदे चिरता चिरता मला म्हणाली, "नंदा, ह्यांना मुलगी बघायचीय की काय बघायचंय?" नंतर कळलं, त्यांच्याकडे टीव्हीच नव्हता. शेजाऱ्यांशी भांडण झालेलं, त्यामुळे तिथलाही बंद.

शैलाचा चेहरा उतरला होता. याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता, आणि हे लोक होही म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. त्या दिवशी तिने चहाचा कप मुलाच्या हातात देताना सरळ विचारलं. जाहिराती चालू होत्या, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुम्ही मला बघायला येताय की टीव्हीला?"

मुलगा लाल झाला. कप बशीत ठेवून म्हणाला, "माझं पहिल्याच रविवारी ठरलं. पण आईला म्हटलं, तर ती म्हणाली, आत्ताच होकार दिलास तर पुढच्या रविवारी कुठे जायचं?"

*

कांबळ्यांचं शेवटी सांगते. भूत मागणारे तेच कांबळे.

त्यांचे वडील, नाना, साताऱ्याकडचे. तरुणपणी जलशात गायचे, गाणी स्वतः रचायचे. मुंबईला येऊन आयुष्यभर गोदीत कामाला होते. गाणं सुटलं ते सुटलंच. कांबळ्यांच्या मेव्हण्याने आखातातून टेपरेकॉर्डर आणला, तेव्हा कांबळ्यांनी नानांना समोर बसवलं आणि म्हणाले, "नाना, एक तरी होऊ दे." नानांनी बरेच आढेवेढे घेतले. मग गाव सोडून मुंबईला आल्याचं एक लांबलचक गाणं म्हटलं. मधे मधे खोकला, कुकरची शिट्टी, सगळं टेपमध्ये. शेवटच्या कडव्याला आवाज असा लागला की शेजारचे दारात येऊन उभे राहिले, असं कांबळे सांगायचे.

पुढे कांबळ्यांच्या मुलीने, संगीताने, रेडिओवर एक गाणं लागलं म्हणून हाताला येईल ती कॅसेट घातली आणि बटण दाबलं. त्या वर्षी गाजलेलं डिस्को गाणं. ते नानांच्या गाण्याच्या बरोबर मधे बसलं. घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दिवाळीनंतर नाना गेले. त्यानंतर टेप लावला तेव्हा घरात कळलं. दुसरी कॅसेट नव्हती.

पहिल्या पुण्यस्मरणाला मी आणि परबकाका कांबळ्यांकडे गेलो होतो. बुद्धवंदना झाली. नानांच्या फोटोसमोर मेणबत्त्या. सगळे खाली मान घालून बसले आणि कांबळ्यांनी टेप लावला. नाना गायला लागले. खोकला आला, कुकर वाजला, गाव मागे पडलं, आणि ओळीच्या मधेच खाट्‌कन ड्रम, गिटार आणि एक बाई मोठ्याने गायला लागली. कोणी हललं नाही. संगीता तेवढी भिंतीकडे तोंड करून बसली होती. ते गाणं पूर्ण वाजलं. मग पुन्हा खाट्‌ झालं आणि नानांचं शेवटचं कडवं आलं.

जेवताना मेव्हणा म्हणाला, "अंधेरीला एक रेकॉर्डिंगवाला आहे. मधलं काढून नानांचं नानांना जोडून देईल."

कांबळ्यांच्या आई भाकरी मोडत होत्या. संगीताला जवळ ओढून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. त्ये वाजाय लागलं की मला कळतं, आता ह्येंचा आवाज येनार."

यानंतर काही महिन्यांनी मला कांबळे आणि त्यांच्या आई स्टेशनजवळ भेटल्या. आईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होते. आम्ही तिघं बोलत चाललो होतो. वाटेत कॅसेटचं दुकान. त्याने बाहेर मोठा स्पीकर लावला होता आणि त्यावर नेमकं तेच डिस्को गाणं सुरू झालं.

आई थांबल्या. कांबळे म्हणाले, "आई, दमलीस का?" त्यांनी हातानेच गप्प राहायला सांगितलं. माणसं धक्के देत जात होती. रिक्षावाला हॉर्न मारत होता. त्या पिशवी पोटाशी धरून उभ्या. गाणं संपत आलं, तसा त्यांनी कानावरचा पदर मागे सारला.

गाणं संपलं. लगेच दुसरं गाणं सुरू झालं, वेगळ्याच पिक्चरमधलं.

कांबळे खाली बघत होते. दुकानदाराने आत यायची खूण केली. "काय देऊ आजी? हीच कॅसेट पाहिजे?"

आई म्हणाल्या, "नगं बाबा. तुझ्या क्यासेटीत फुडचं न्हाई वाटतं."